डोडोच्या बेटावर

दिवाळीच्या फराळाची साखर आता आपल्याच कारखान्यांतून येते. पण गुजराती गृहिणी साखरेला अजूनही ‘मोरस’ म्हणते, ते उगाच नव्हे. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातल्या ज्या बेटावरून एके काळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर साखर उतरत असे, त्या बेटाचे नाव साखरेलाच चिकटून बसले. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. त्यांत कोकणातली माणसेही होती, आणि त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या घरी आजही गणपती बसतो. इतके जवळचे बेट. पण जग त्याला ओळखते ते साखरेमुळे नव्हे आणि माणसांमुळेही नव्हे. ओळखते ते एका मेलेल्या पक्ष्यामुळे.

त्या पक्ष्याचा मुलूख एका दिवसात पाहायचा तर बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या माहेबूर गावी जावे. तिथून होडीने थोड्याच वेळात ‘इल ओ झेग्रेत’ नावाच्या चिमुकल्या बेटावर उतरता येते. क्षेत्रफळ अवघे २६ हेक्टर, म्हणजे सुमारे ६४ एकर. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या जमीनदाराची शेती. पोवळ्यांचा खडक, त्यावर खुरटे रान. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे तोफा बसवल्या होत्या. १९६५ साली ते राखीव ठरले. होडीतून जाताना भोवतालचे पाणी मात्र नीट पाहून घ्यावे. १८१० च्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी इंग्रजी आरमाराला धूळ चारली ती याच उपसागरात, आणि त्याच्याही आधी, सप्टेंबर १५९८ मध्ये, वलंदेजांची जहाजे नांगर टाकायला शिरली तीही इथेच.

अरब आणि पोर्तुगीज दर्यावर्दींना हे बेट ठाऊक होते, पण वस्ती कोणीच केली नव्हती. वलंदेजांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्याला दिले आणि किनाऱ्यावरच्या पाखरांची यादी केली. त्यांत एक सुमारे तीन फूट उंचीचा, उडता न येणारा, बाकदार चोचीचा पक्षी होता. जातीने तो कबुतरच. त्याचे मांस शिजवावे तितके चिवट होई, म्हणून खलाशांनी त्याला ‘किळसवाणा पक्षी’ म्हटले. म्हणजे पाहुणा घरात शिरला आणि पहिली गोष्ट केली ती यजमानाला नाव ठेवण्याची!

हा डोडो आपल्या किनाऱ्यालाही लागला होता, हे थोड्यांना ठाऊक असेल. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता. मॉरिशसहून आणलेले दोन डोडो आपण सुरतेत पाहिले, असे त्याने लिहून ठेवले आहे. जहांगिराच्या दरबारातल्या मन्सूर या चित्रकाराच्या नावावर डोडोचे एक रंगीत चित्र आहे. ते आज रशियात आहे. जाणकार मंडळी डोडोच्या उत्तम चित्रांत त्याची गणना करतात. युरोपातल्या कित्येक चित्रांत हा पक्षी फुगवलेल्या भोपळ्यासारखा दिसतो. मोगल चित्रातला डोडो मात्र खराखुरा, चालता-फिरता पक्षी वाटतो.

१६६२ साली एक वलंदेजी जहाज बुडाले. त्यातून वाचलेला फोल्कर्ट एव्हर्त्स मॉरिशसजवळच्या एका लहान बेटावर गेला, तेव्हा त्याला डोडो भेटले. एकाचा पाय धरला की तो ओरडे. ते ओरडणे ऐकून दुसरे त्याच्या मदतीला धावत येत आणि तेही पकडले जात. डोडो पाहिल्याची विश्वासार्ह मानली जाणारी शेवटची नोंद बहुधा हीच. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये. म्हणजे ही गोष्ट त्याच्या केवळ दोन वर्षे आधीची.

पुढे १७६६ साली लिनियसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘बावळट’! सोबत्याच्या हाकेला धावून येणारा प्राणी बावळट कसा? ज्या बेटावर मोठे शिकारी श्वापद कधीच नव्हते, तिथे पळण्याची बुद्धी येणार कुठून? खलाशांनी त्याला खाऊन संपवले ही समजूतही अर्धीच खरी. बंदुकीचे छर्रे झाले होतेच. ऑक्सफर्डला जपलेल्या डोडोच्या डोक्यात ते २०१८ साली आढळले. पण वलंदेजांची वसाहत कधीच मोठी नव्हती. खरा घात केला तो जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. जमिनीवरचे अंडे त्यांच्या तावडीतून सुटणार कसे?

पुढे तर असा पक्षी झालाच नाही, असेही कोणी म्हणू लागले. १८६५ साली जॉर्ज क्लार्क या शाळामास्तराने माहेबूरपासून फार दूर नसलेल्या एका दलदलीत मजूर उतरवले. त्यांनी अनवाण्या पायांनी चिखल चाचपून हाडे बाहेर काढली. प्रसिद्धी अर्थात मास्तरांची झाली.

आता पुन्हा आपल्या चिमुकल्या बेटावर. पायवाटेने चालताना मोठमोठी कासवे आडवी येतात. ती इथली नव्हेत. मॉरिशसची कासवे खलाशांनी खाऊन संपवली, म्हणून २००० साली अल्डाब्रा बेटांच्या जातीची आणून सोडली. काळ्या लाकडाच्या आबनूस झाडाची फळे ती खातात आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडलेली बी रुजते. डोडोशिवाय तांबालाकोक नावाचे झाड रुजतच नाही, अशी कथा १९७७ पासून फार गाजली. कथा गोड आहे, पण पुढच्या अभ्यासकांना ती पटली नाही. कासवाचे काम मात्र डोळ्यांना दिसते.

समोरच्या मोठ्या बेटावरच्या डोंगरात मॉरिशसचा छोटा ससाणा असतो. १९७४ साली सगळ्या जगात मिळून त्याचे चारच पक्षी ठाऊक होते. कार्ल जोन्स या वेल्श तरुणाने घरट्यातली अंडी काढून कृत्रिम उबेत फोडली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घाली. अशा युक्तीने चारांचे शेकडो झाले. गुलाबी कबुतराचेही तसेच. १९९० च्या सुमारास रानात ती दहाच्या आसपास उरली होती, आज काहीशे आहेत. डोडोचा सर्वांत जवळचा जिवंत आप्त मात्र आपल्या निकोबारात आहे: हिरव्या-तांब्याच्या रंगात चमकणारे निकोबारी कबुतर. हे नाते २००२ साली सिद्ध झाले.

ऊन चढले की हे गुलाबी कबुतर पायवाटेलगतच्या एखाद्या खालच्या फांदीवर येऊन बसते. पायात ओळखीची रंगीत कडी असतात. माणसे अगदी जवळ येतात, थांबतात, कुजबुजतात. ते मान किंचित वाकडी करून पाहत राहते आणि उडून जात नाही.