दंतरोपणाच्या लांबीची कुळकथा

खऱ्या दाढेची मुळे हाडात खोल उतरलेली असतात, तेव्हा तिच्या जागी बसवावयाचा टायटॅनियमचा स्क्रूही चांगला लांब असला पाहिजे, हा समज वरकरणी इतका स्वयंसिद्ध वाटतो की त्याचे कूळ तपासण्याची आवश्यकता दंतवैद्यकास पुष्कळ वर्षे भासली नाही. परंतु जुने दफ्तर उलगडले असता त्याचा उगम दाढेच्या रचनेत नव्हे, तर स्वीडनमधील एका विशिष्ट काळच्या कारागिरीत आढळतो.

पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळण्यासाठी टायटॅनियमची चिमुकली नळकांडी बसवीत असत. काम आटोपल्यावर ती काढावयास जावे, तो हाड त्यांना असे बिलगलेले की काही केल्या सुटेनात. या अडचणीतूनच दंतरोपणाची कल्पना निघून १९६५ साली गॉथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात रोपणे बसली आणि ती त्यांना २००६ साली त्यांच्या निधनापर्यंत पुरली.

आरंभीच्या रुग्णांपैकी बहुतेक दंतहीन होते आणि रोपणाची जागा प्रायः हनुवटीच्या पट्ट्यातली, म्हणजे जेथे हाड दाट, उंच आणि नसांच्या वाटेबाहेरचे असते. स्क्रूचा पृष्ठभाग कातारी यंत्रावरून उतरला तसाच गुळगुळीत असल्याने हाडाची पकड मिळवावयाची ती लांबी वाढवूनच, आणि तेथे लांबीस आडकाठी कोणतीच नव्हती. १९८२ च्या टोरँटो परिषदेनंतर ही विद्या जगभर गेली व दाढांच्या प्रांतात शिरली, तेव्हा मात्र वर जबड्याच्या हाडातील पोकळी आणि खाली ओठाला संवेदना पुरविणारी नस यांनी वाट अडविली. नाइलाजाने ७ मिलिमीटरांची रोपणे बसविली गेली आणि ती अधिक प्रमाणात निकामी ठरली. वस्तुतः येथे आरोपी तिघे होते : गुळगुळीत पृष्ठभाग, मागील जबड्याचे विरळ हाड आणि आखूडपणा, परंतु तिघांपैकी मिलिमीटरांत मोजता येणारा एकच असल्याने शिक्षा त्यालाच झाली, असे म्हणावयास हरकत नाही. त्या निकालाची अंमलबजावणी रुग्णाच्या अंगावर झाली : हाड कमी असेल तर पोकळीचा तळ उचलून खाली हाडाची भर घालावयाची, महिनोन्‌महिने थांबावयाचे, आणि मग लांब स्क्रू बसवावयाचा.

१९९० नंतर वाळूचा मारा व आम्लाचा संस्कार करून खडबडीत केलेले पृष्ठभाग प्रचारात आले आणि हाडाचा संपर्क वाढला. शिवाय चावण्याचा भार मुख्यत्वे मानेजवळच्या पहिल्या काही आट्यांवर येतो, टोकाशी फारच थोडा पोचतो, हेही गणिताने दाखविले होते. पुढे ६ मिलिमीटरांची रोपणे आणि हाडाची भर घालून बसविलेली लांब रोपणे यांची तुलना झाली, तेव्हा पाच वर्षांपर्यंत दोहोंचे टिकणे जवळपास सारखेच आढळले, आणि उपद्रव व खर्च आखूडांच्या बाजूने कमी. तथापि सहा किंवा त्याहून कमी मिलिमीटरांच्या रोपणांचे निकाल अभ्यासागणिक अधिक कमीजास्त होतात, हे दृष्टीआड करून चालणार नाही.

आज ४ मिलिमीटरांचे रोपणही मिळते. उलट समोरचा दात काढून त्याच बैठकीत रोपण बसवावयाचे असेल, तर दंतवैद्य अजूनही लांबच स्क्रू हाती घेतो. कारण खोबण रिकामी असते आणि पहिली पकड खोबणीच्या तळापलीकडच्या हाडातूनच मिळवावी लागते.