मनाचे शास्त्र आणि परदेशची वाट

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालो की वाटेत, नेवासे तालुक्यात, घोडेगाव लागते. तिथला जनावरांचा बाजार दूरदूरच्या गावांना ठाऊक आहे. जनावरांच्या बाजारातली एक जुनी रीत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटे दाबून किंमत सांगतात आणि तोंडातून अवाक्षर काढीत नाहीत. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो.

याच बाजारात एका शेतकऱ्याने मला गाठले. त्यांची मुलगी बारावी झालेली. ते म्हणाले, "सर, पोरगी म्हणती, परदेशात जाऊन कॉग्निटिव्ह सायन्स शिकायचं. मी इचारलं, म्हंजे काय? तर म्हणती, मन कसं चालतं त्याचं शास्त्र. आता हे वेड्यांच्या डॉक्टरचं शिक्षण का? तर म्हणती, न्हाई. मग दोन एकर रान मोडून इतक्या लांब जाऊन शिकण्याजोगं त्यात हाय तरी काय?" मी प्राध्यापक खरा, परंतु उभ्या उभ्या मला नीट उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो. उत्तरासाठी थोडा इतिहास चाळावा लागेल.

प्रथम हे शास्त्र कोणते ते पाहू. मराठीत त्याला संज्ञानविज्ञान म्हणता येईल. संज्ञान म्हणजे जाणणे. त्या उपरण्याखाली काय घडते याचा विचार करा. बोट दाबले की मनात आकडा उमटतो. शब्द नाही, अक्षर नाही, तरी संख्या या मनातून त्या मनात जाते. मग संख्या राहते कुठे? बोटात, भाषेत की मेंदूत? मूल बोलायला शिकते ते कसे? आठवण कशी टिकते? या प्रश्नांना मानसशास्त्र एकटे पुरे पडत नाही. भाषाशास्त्र, मेंदूचे शास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, मानवशास्त्र आणि संगणकाचे शास्त्र ही सारी एका बैठकीवर बसवावी लागतात. त्या बैठकीचे नाव संज्ञानविज्ञान.

ही बैठक बसली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी. ११ सप्टेंबर १९५६ रोजी तिथल्या एमआयटी या संस्थेत एका परिषदेत मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि संगणकाला तर्क शिकवणारे नेवेल व सायमन एकाच दिवशी बोलले. मिलर पुढे याच दिवसाला या शास्त्राचा जन्मदिवस म्हणत. १९६० साली त्याच गावातील हार्वर्ड विद्यापीठात ब्रूनर व मिलर यांनी या अभ्यासाचे केंद्र काढले. १९८२ साली व्हॅसार कॉलेजने या विषयातली बी.ए.ची पदवी प्रथम दिली. म्हणजे पदवी म्हणून हा विषय अजून पन्नाशीचाही नाही. शेतकरीदादांनी त्याचे नाव ऐकले नव्हते यात नवल नाही.

परंतु गंमत अशी, की मनाचा प्रश्न घेऊन एक मराठी माणूस त्याच केंब्रिज गावी या परिषदेच्या शेहेचाळीस वर्षे आधी पोचला होता. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातील साखवाळ गावी. शाळा बेताचीच. 'बालबोधमेवा' या मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याच्या विचारांचे मूळ शोधायचे या ध्यासाने १८९९ साली घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत सिंहलद्वीपात गेले, तिथे पाली भाषा आत्मसात केली. पुढे कलकत्त्यास नोकरी मिळाली, पण आपले ज्ञान आपल्या लोकांत मराठीतून यावे म्हणून ती सोडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत.

अशा या पदवी नसलेल्या माणसाला हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांनी अमेरिकेस बोलावले आणि १९१० साली ते तिथे गेले. काम होते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे. बुद्धघोषाने इसवी सनाच्या पाचव्या शतकात हा ग्रंथ रचला. चित्त एकाग्र कसे होते, जाणीव कशी उठते आणि मावळते, याचा त्यात बारीक विचार आहे. संपादनाच्या श्रेयावरून तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली कोसंबी परतले. तरी काम सोडले नाही. पुढे आणखी तीन वेळा गेले आणि १९३२पर्यंत ते पुरे केले. ग्रंथ छापून आला १९५० साली. तो पाहायला ते राहिले नव्हते. १९४७ साली सेवाग्रामला त्यांचे देहावसान झाले होते.

दुसऱ्या खेपेस, १९१८ साली, त्यांनी आपल्या दोन मुलांना बरोबर नेले. थोरली माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर. दामोदर तिथल्या शाळेत शिकला आणि हार्वर्डमध्ये दाखल झाला. बर्कहॉफ हे थोर गणिती तिथे शिकवीत. त्यांची इच्छा होती की या मुलाने गणितावरच लक्ष द्यावे. दामोदरने गणित केलेच, पण त्याबरोबर भाषा आणि इतरही विषय घेतले, आणि १९२९ साली सर्वोच्च गुणवत्तेने बी.ए. झाला. हेच पुढचे प्राध्यापक दा. ध. कोसंबी. आनुवंशिकीच्या अभ्यासात त्यांचे १९४४चे सूत्र आजही वापरतात. आणि १९५६ साली, म्हणजे केंब्रिजला ती परिषद भरली त्याच साली, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारा त्यांचा ग्रंथ निघाला. नाण्यांचे वजन तोलून त्यांनी इतिहास लिहिला, आणि पुण्याभोवतीच्या गावांत पायी हिंडून, धनगरांना विचारून, शिवेवरच्या देवतांचा मागही काढला. अनेक शास्त्रे एकत्र जोडण्याची ही त्यांची रीत. संज्ञानविज्ञानाला याच रीतीची गरज आहे.

आता कोणी म्हणेल, बापामागे मुलगा गेला, त्यात काय विशेष? आक्षेप रास्त आहे. दामोदरला वडिलांचे बोट धरून अकराव्या वर्षी त्या शाळेत बसता आले. ते भाग्य घोडेगावच्या मुलीला नाही. तिला एकटीने जायचे आहे आणि खर्च रानातून काढायचा आहे. म्हणून मी धर्मानंदांचे उदाहरण अधिक मानतो. हार्वर्डने त्यांना का बोलावले? त्यांच्याजवळ असे काही होते जे तिथे सहज मिळत नव्हते. ते नुसते मागायला गेले नाहीत, देण्याजोगे घेऊन गेले.

मग या मुलीजवळ काय आहे? पुष्कळ आहे. ज्या मातीत ती वाढली तिथून नेवासे जवळच. तिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिच्या सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलपणाची चर्चा आहे. तिला मराठी येते, बाजारातला बोटांचा हिशेब तिने पाहिला आहे, पाटी न वापरता हजारांचे व्यवहार करणाऱ्या आज्या तिच्या घरात आहेत. ब्रूनर आणि गुडमन यांनी १९४७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वर्षांच्या मुलांना नाण्यांचा आकार अंदाजाने दाखवायला सांगितले, तेव्हा गरिबाघरच्या मुलांना नाणी अधिक मोठी भासली. पुढे इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा फळ सगळीकडे सारखे आले नाही. पण प्रश्न मोलाचा होता, आणि तो विचारायला गरिबी जवळून पाहिलेली माणसेही या शास्त्रात हवीत.

शेतकरीदादा, आता रानाची गोष्ट. माझे मत स्पष्ट सांगतो. पहिल्या पदवीसाठी जमीन विकू नका. आपल्या राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्या मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी आहेत. परदेशातली काही थोडी कॉलेजे हुशार व गरजू मुलांचा खर्च स्वतः उचलतात. तिथे मुलीला अर्ज जरूर करू द्या. पूर्ण मदत मिळाली तर बिनघोर पाठवा. न मिळाली तर तिला इथेच गणित किंवा मानसशास्त्र घेऊन पदवी करू द्या, जोडीला भाषाशास्त्र आणि संगणक शिकू द्या. पुढच्या अभ्यासाची सोय आपल्या देशातही आहे. अलाहाबाद विद्यापीठात या विषयाचे केंद्र आहे, गांधीनगर आणि कानपूरच्या आयआयटीतही हा विषय शिकवला जातो. त्यानंतर शिष्यवृत्तीवर परदेशी जाता येईल. चार वर्षे उशीर झाला म्हणून बिघडत नाही. धर्मानंद हार्वर्डला गेले तेव्हा चौतिशीला टेकले होते.

आणि गुरुजी, आपल्यालाही एक विनंती. वर्गातले एखादे मूल गणित चुकते तेव्हा ते कसे चुकले हे त्यालाच विचारा आणि वहीत टिपून ठेवा. या शास्त्राचा आरंभ असल्याच टिपणांतून होतो.

त्या बाजारात मी निघताना ती मुलगी वडिलांमागे उभी होती. मी तिला विचारले, "उपरण्याखालची बोटं तुला वाचता येतात का?" ती म्हणाली, "नाही, सर. बायकांना कुठं शिकवतात?" वडील तिच्याकडे पाहू लागले. मग त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि तिचा हात हातात घेऊन वरून झाकला.