बाभळीच्या भावकीतलं वाद्य

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझा भाचा अमेरिकेत असतो. मागे सुटीवर आला तेव्हा त्याच्या सामानातून एक चिमुकलं गिटार निघालं. जेमतेम पावणेदोन फूट लांब, चार तारा. ‘‘मामू, हे उकुलेले. हवाईचं आहे, खऱ्या कोआ लाकडाचं,’’ तो म्हणाला. लाकूड देखणं होतं. मधाच्या रंगाचं, आणि उजेडात फिरवलं की अंगावरून लहर सरकल्यासारखी दिसायची. माझं तरुणपण मिरजेच्या आसपास गेलं. तंबोऱ्याचा भोपळा टिचकी मारून ऐकणारे कारागीर तिथे पाहिलेले. सवयीनं मीही टिचकी मारली. आवाज काहीसा बंद आला. पण भेटीची परीक्षा घेऊ नये, म्हणून गप्प बसलो आणि हे कोआ काय प्रकरण आहे ते वाचायला घेतलं. वाचता वाचता लक्षात आलं, की या वाद्यात अगदी हवाईचं म्हणावं असं सुरुवातीला एकच होतं, ते म्हणजे लाकूड.

वाद्य आलं मदेरा बेटावरून. अटलांटिक महासागरातलं हे पोर्तुगीज बेट. नाव ऐकून आपल्याला मदिरा आठवते, आणि तिथल्या प्रसिद्ध वारुणीमुळे ते अगदीच चूक नाही. पण पोर्तुगीज भाषेत मदेरा म्हणजे लाकूड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर या बेटावरच्या द्राक्षवेलींवर आधी भुरी पडली, मग मुळं खाणारी कीड आली. भुरी म्हणजे काय हे आमच्या तासगावच्या बागायतदाराला सांगायला नको. माणसं देशोधडीला लागली. त्याच सुमारास तिकडे हवाईत उसाचे मळे वाढत होते, कारण १८७६ पासून हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली होती. मळ्यांना मजूर हवे होते. ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेराहून चारशेहून अधिक माणसं घेऊन निघालं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून सुमारे चार महिन्यांनी, २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलूच्या धक्क्याला लागलं. प्रवास संपल्याच्या आनंदात जुआंव फर्नांडिस नावाच्या प्रवाशानं धक्क्यावर उतरून ‘माशेत’ हे गावाकडचं चार तारांचं वाद्य वाजवायला सुरुवात केली, असं सांगतात. पुढच्या दोनच आठवड्यांत तिथल्या वर्तमानपत्रानं बातमी दिली, की मदेराची ही मंडळी रोज रात्री रस्त्यावर मैफली करताहेत.

याच जहाजातून तीन सुतार उतरले होते. मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जोझे डो एस्पिरितो सान्तो. मळ्यावरची कामं उरकून तिघेही होनोलुलूत आले, फर्निचर करता करता वाद्यंही करू लागले. गावाकडचं लाकूड इथे नव्हतं. इथे होतं कोआ. त्यांनी माशेतचा आकार घेतला, त्याच्याच पाच तारांच्या थोरल्या भावाची, रजांवची, स्वररचना घेतली, आणि पोट, पाठ, कुशी सगळं कोआचं केलं. पुढे नुनेसनं आपल्या वाद्यांच्या पोटात चिठ्ठी चिकटवली, की उकुलेलेचा जनक मीच. बाकीच्या दोघांना हे कसं वाटलं असेल ते सांगायला नको.

नावाबद्दलही दोन मतं आहेत. ‘उकु’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उड्या मारणं. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर पिसवेसारखी उडतात म्हणून हे नाव, असं बहुतेक सांगतात. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिला मात्र दुसरा अर्थ पसंत होता. ‘उकु’ म्हणजे भेटही होते, तेव्हा उकुलेले म्हणजे चालत आलेली भेट. राणी स्वतः गीतं रचणारी होती, त्यामुळे कवी म्हणून माझं मत तिला. आणखी एक गंमत. इंग्रजी जिभेवर या शब्दाचं ‘युकलेली’ होतं. देवनागरीत मात्र तो हवाईच्या मूळ उच्चाराच्या अगदी जवळ उतरतो.

राणीचा थोरला भाऊ राजा कालाकाउआ. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला राजा. १८८१ सालच्या त्या प्रवासात तो कलकत्त्याला उतरला, आगगाडीनं मुंबईला आला आणि तिथून बोटीनं इजिप्तकडे गेला. मिशनऱ्यांच्या धाकानं आडोशाला गेलेलं ‘हुला’ नृत्य त्यानं पुन्हा राजवाड्यात आणलं, आणि त्या नृत्याच्या साथीला हे परदेशी मजुरांचं वाद्य बसवलं. १८८६ साली त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात ते वाजलं. म्हणजे जहाज धक्क्याला लागून उणीपुरी सात वर्षं झाली होती. एखादी गोष्ट एखाद्या मातीची व्हायला किती वर्षं लागतात? मला तीस वर्षं लोक कौतुकानं विचारताहेत, ‘‘तुम्ही मुसलमान असून इतकं छान मराठी कसं लिहिता?’’ कालाकाउआनं नुनेसला असं काही विचारल्याची नोंद नाही.

आता कोआविषयी. कोआ म्हणजे हवाई भाषेत योद्धा, शूर. झाड बाभळीच्या भावकीतलं. कोवळ्या रोपाला बाभळीसारखी पिसासारखी पानं येतात, आणि झाड वाढलं की त्या पानांचे देठच चपटे होऊन कोयत्याच्या पात्यासारखी पानं दिसू लागतात. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पानं ओळखीची वाटतील. ती तर कोआची आणखी जवळची नातलग. अलीकडे शास्त्रज्ञांनी आपल्या बाभळीला वेगळं शास्त्रीय नाव दिलं आहे, पण कागदोपत्री वाटण्या झाल्या म्हणून भावकी तुटत नाही. कोआ रानात फक्त हवाईत उगवतं. हवाईचे लोक त्याच्या एकेका बुंध्यातून होडी कोरत. पण हेही मूळचं तिथलं नव्हे. त्याचे पूर्वज ऑस्ट्रेलियाकडचे. आणि हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरची एक जात तर कोआपासूनच निघाली, हे २०१४ साली जनुकांवरून दाखवलं गेलं. बी एवढं अंतर कसं ओलांडून गेलं असेल, या विचारानं मी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

१८९३ साली राणीला गादीवरून काढलं, १८९८ साली अमेरिकेनं हवाई गिळंकृत केलं. राज्य गेलं आणि वाद्याचे दिवस आले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावलं. मग तिथले कारखाने धडाधड उकुलेले काढू लागले, त्यांवर बेधडक हवाईचं नाव घालू लागले. होनोलुलूच्या कारागिरांना आपल्याच वाद्यावर ‘हवाईत तयार झालेले’ असा शिक्का मारायची वेळ आली. नुनेसकडे शिकलेल्या सॅम्युएल कामाका यांनी १९१६ साली घरीच सुरू केलेला कारखाना मात्र त्यांच्या वंशजांनी शंभरी ओलांडूनही चालू ठेवला आहे. अननसाच्या आकाराचं उकुलेले ही त्यांचीच कल्पना. त्या कारखान्यात अनेक मूकबधिर कारागिरांनी काम केलं. लाकूड पुरेसं पातळ झालं की नाही, हे ते कानांनी नव्हे, बोटांना जाणवणाऱ्या कंपनांवरून ओळखत. हे वाचलं आणि आपल्या टिचकीची मला जरा लाजच वाटली.

तर घेताना काय पाहावं? अंगावरच्या लहरींना भुलू नये. लहरींचं लाकूड महाग असतं, पण सरळ रेषांचा कोआही तितकाच गोड वाजतो. कित्येक जुनी, उत्तम वाद्यं साध्या लाकडाची आहेत. एकच फळी उभी चिरून पुस्तकासारखी उघडलेली असेल, तर डाव्या-उजव्या बाजूला नक्षीचं प्रतिबिंब दिसतं. हातात घेतल्यावर वाद्य हलकं वाटलं पाहिजे. तार मोकळी छेडावी, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. नेमका वरचा षड्ज आला तर पडदे नीट बसलेत असं समजावं. तार पडद्यांपासून फार उंच असेल तर बोटं दुखतात आणि सूरही चढतो. भरीव लाकडाचं वाद्य कोरड्या हवेत तडकतं, तेव्हा एसीच्या तोंडाशी किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ते ठेवू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधल्या गोल भोकाची कड पाहावी. भरीव फळी असेल तर वरच्या रेषा कडेवरून आत उतरलेल्या दिसतात. कडेला थर दिसले, तर ते प्लायवूड. वर कागदासारखा पातळ कोआ, खाली भलतंच काही.

भरीव कोआ महाग का, याचंही उत्तर इतिहासातच आहे. १७९३ साली कॅप्टन व्हँकूव्हरनं राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली. त्यांना मारण्यावर १८३० पर्यंत बंदी होती. मोकाट वाढलेल्या गुरांनी कोआची रोपं पिढ्यान्‌पिढ्या खुडून खाल्ली, आणि जंगलं नुसत्या म्हाताऱ्या झाडांची उरली. १९९०च्या सुमारास हवाईच्या लोकांनी ‘हवाईलोआ’ नावाची जुन्या पद्धतीची जोडहोडी बांधायला घेतली. तिच्यासाठी पुरेसे मोठे, निरोगी कोआचे दोन बुंधे शोधत ते महिनोन्‌महिने रानात हिंडले. मिळाले नाहीत. शेवटी अलास्कातल्या आदिवासींनी आपल्या रानातले स्प्रूसचे दोन ओंडके भेट म्हणून दिले, त्यांतून होडी झाली. १९९७ साली हवाईचा लाडका गायक इझरायल कामाकाविवोओले गेला, तेव्हा त्याची शवपेटी कोआची होती. राज्याच्या विधानभवनात ती ठेवली होती आणि हजारो माणसं रांगेनं दर्शन घेऊन गेली.

एवढं सगळं वाचून झाल्यावर एका दुपारी मी भाच्याचं उकुलेले खिडकीशी नेलं आणि भोकाची कड पाहिली. थर स्पष्ट दिसत होते. भाच्याला दुकानदारानं चक्क फसवलं होतं. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. वाद्य सध्या माझ्या नातीकडे आहे. तिला तीन कॉर्ड येतात, आणि त्यांत ती शाळेतली मराठी कविता बसवून म्हणते. परवा तिनं विचारलं, ‘‘नानाजान, हे कुठलं वाद्य?’’ मी हवाई म्हणायला तोंड उघडलं, मग मदेरा म्हणावंसं वाटलं. तोवर तिनं दुसरं कडवं सुरू केलं होतं.