कायरल स्थिर प्रावस्था : रचनेची तत्त्वे

एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असणारे रेणू वर्णलेखनाने वेगळे करण्यासाठी स्तंभात भरलेला पदार्थ. बहुधा सिलिकाच्या सूक्ष्म कणांवर डाव्या किंवा उजव्या अशा एकाच रूपाचा ग्राहक रेणू जोडून तो तयार करतात. प्रतिबिंबरूपी जोडीचे उत्कलनबिंदू आणि विद्राव्यता सारखीच असल्यामुळे साध्या स्तंभातून दोन्ही रेणू एकदमच बाहेर पडतात. ग्राहकाशी होणारी त्यांची क्षणिक जुळणी मात्र कमीअधिक स्थिर असते. त्यासाठी एकाच वेळी किमान तीन आंतरक्रिया व्हाव्या लागतात, हे सी. ई. डाल्ग्लिश यांनी १९५२ मध्ये अमिनो आम्लांच्या कागदावरील वर्णलेखनाच्या आधारे मांडले. रेणू वेगळे होण्यास पुरणारा ऊर्जेतील फरक अगदी थोडा असतो. निवडक्षमता (स्तंभात दोन्ही रूपे धरून ठेवली जाण्याच्या प्रमाणांचे गुणोत्तर) १.१ असेल तर २५° से. तापमानाला तो प्रतिमोल पाव किलोज्यूलही भरत नाही. एवढा फरक आधी गणिताने अचूक सांगणे आजही कठीण आहे, म्हणून ग्राहकाची आखणी करणे व्यर्थ, असा आक्षेप घेतला जातो. त्याला व्यवहाराचीही साथ आहे. योशिओ ओकामोटो यांच्या सेल्युलोज व अमायलोज कार्बामेटांच्या प्रावस्था सर्वाधिक संयुगांना लागू पडतात, आणि प्रयोगशाळांत चारपाच स्तंभ आलटूनपालटून वापरून पाहणे हीच रूढ पद्धत आहे.

तरीही हा आक्षेप अर्धाच खरा आहे. आखणी करायला तो फरक आकड्यात सांगता येण्याची गरज नसते. तो कशामुळे पडतो हे कळले तरी पुरते. इलिनॉय विद्यापीठातील विल्यम पर्कल यांनी परस्परतेचे तत्त्व वापरले : ग्राहक ‘अ’ जर ‘ब’च्या जोडीला वेगळे करत असेल, तर ‘ब’चे एक रूप सिलिकावर बांधल्यास ते ‘अ’च्या जोडीला वेगळे करील. त्यांनी नेप्रॉक्सेन हे वेदनाशामकच सिलिकावर बांधले, त्यावर कोणती संयुगे उत्तम विभागली जातात ते पाहिले आणि त्यांवरून उलटा ग्राहक घडवला. त्यातूनच व्हेल्क-ओ१ ही प्रावस्था आली. तिच्यात डायनायट्रोबेंझामाइडचे इलेक्ट्रॉन-न्यून वलय आणि त्याला जवळजवळ काटकोनात असणारी नॅफ्थॅलीनची चौकट यांच्यामध्ये खाच तयार होते. एका रूपाचे सुगंधी वलय तिच्यात नीट बसते आणि त्याच वेळी अमाइडशी हायड्रोजन बंधही जुळतो. नेप्रॉक्सेनसाठी घडवलेली ही प्रावस्था इतर अनेक संयुगांनाही उपयोगी पडते. अगदी विशिष्ट लक्ष्यासाठीची आखणी संकुचितच ठरते, ही समजूत तिने खोडून काढली.

कृत्रिम ग्राहकाचा खरा लाभ औषधांच्या शुद्धतेच्या तपासणीत दिसतो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. नको असलेले रूप अत्यल्प असेल आणि आलेखातील मुख्य शिखरामागून बाहेर पडत असेल, तर ते शिखराच्या लांबलेल्या शेपटीत दडते व त्याचे मोजमाप बिघडते. निसर्गातील सेल्युलोज एकाच रूपाचे मिळते. पर्कल यांच्या धर्तीचे ग्राहक मात्र दोन्ही रूपांत बनवता येतात. दुसऱ्या रूपाचा स्तंभ लावला की बाहेर पडण्याचा क्रम उलटतो आणि अल्पांश आधी, मोकळ्या आधाररेषेवर दिसतो.