जहाजावरची पंगत : अटलांटिक ओलांडणारे तीन मराठी प्रवासी

१/
७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' ही आगबोट सुटली. तिच्यावर नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेली एक मराठी स्त्री होती. पती सोबत नव्हता. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. आनंदीबाई जोशी यांचे पुढचे आयुष्य आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. मधल्या ५८ दिवसांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

२/
जहाजावर माणूस झोपे कोठे, जेवे काय, त्याच्या शेजारी बसे कोण? हे प्रश्न किरकोळ वाटतात. परंतु एकोणिसाव्या शतकातील हिंदू प्रवाशाच्या बाबतीत सारा वाद याच प्रश्नांभोवती फिरत होता. या धाग्यात आपण अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटींवरचे रोजचे जीवन पाहू आणि तीन मराठी प्रवाशांच्या बाबतीत त्या जीवनाचा अर्थ काय होता, हेही पाहू.

३/
प्रथम विरोध समजून घेऊ. बौधायन धर्मसूत्रात पतित करणाऱ्या कृत्यांमध्ये समुद्रप्रवासाची गणना आहे. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात तो निषेध आणखी घट्ट झाला. व्यवहारात अडचण खाऱ्या पाण्याची नव्हती, ती चुलीची आणि पाण्याच्या भांड्याची होती. जहाजावर स्वयंपाक कोण करतो, पाणी कोण भरते, ताटाला ताट कोणाचे लागते, यांपैकी कशावरही प्रवाशाचा ताबा नसे.

४/
अन्नाचा प्रश्न किती पेटू शकत असे, याचे उदाहरण पुण्यातलेच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही होते. नावे वृत्तपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले आणि चहाच्या एका पेल्यापायी मोठमोठ्यांना प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. ही नावे प्रसिद्ध करवणारे गृहस्थ कोण? आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी.

५/
घरच्या गावी एका पेल्याची ही कथा, तर दोन महिने परक्या हातचे खाऊन आलेल्या स्त्रीचे काय होईल? आनंदीबाईंना याची पूर्ण जाणीव होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात केलेल्या इंग्रजी भाषणात त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत, याची कारणे एकेक करून मांडली. हिंदू म्हणूनच जाईन आणि परत येऊन हिंदू म्हणूनच राहीन, असा निर्धारही त्यांनी सभेपुढे बोलून दाखवला. या शब्दाची पहिली कसोटी जहाजाच्या भोजनगृहातच लागणार होती.

६/
प्रवास दोन टप्प्यांचा होता. पहिला टप्पा हिंदुस्थान ते इंग्लंड, १८६९ साली खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून. या मार्गावरील आगबोटींवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने असत आणि त्यांत कोकण किनाऱ्यावरचे, विशेषतः रत्नागिरीकडचे, दर्यावर्दी पुष्कळ असत. खलाशांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखालचा टंडेल, त्यांचे जेवण रांधणारा भंडारी. गोव्याचे आचारी आणि वाढपीही या बोटींवर दिसत. डेकवर निदान ओळखीचा शब्द कानी पडण्याची शक्यता होती.

७/
दुसरा टप्पा इंग्लंड ते अमेरिका. येथे भट्टीत कोळसा टाकणारे बहुतेक लिव्हरपूलचे आणि आयरिश असत. ओळखीचा शब्द येथे संपत असे. विश्रांतवाडीतल्या वाचकांना लोहगावला उतरणारी विमाने रोज दिसतात, आणि मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्क आज सुमारे सोळा तासांवर आहे. १८८३ साली केवळ अटलांटिकलाच साधारण आठ ते दहा दिवस लागत. 'अलास्का' या बोटीने १८८२ साली हे अंतर सात दिवसांच्या आत कापले, तेव्हा तो विक्रम ठरला होता.

८/
आज समुद्रसहल मौजेसाठी करतात. त्या काळी जहाज हे पलीकडे जाण्याचे एकमेव साधन होते. टपाल वेळेवर पोहोचवणे हे त्याचे पहिले काम. बोटींवर धुराडे असे आणि शिडाचे डोलही असत, कारण यंत्र बिघडले तर शिडांचाच आधार. इंजिनाची धडधड रात्रंदिवस थांबत नसे. पंख्याच्या जवळ, म्हणजे मागच्या टोकाला, हादरे सर्वाधिक. म्हणून १८७१ सालच्या 'ओशनिक' बोटीपासून श्रीमंतांचे भोजनगृह आणि खोल्या जहाजाच्या मध्यभागी आणण्याची पद्धत रूढ होत गेली.

९/
वर्गव्यवस्था येथून सुरू होते. मध्यभागी, वरच्या मजल्यावर सलून, म्हणजे पहिला वर्ग. त्याखालोखाल दुसरा. सर्वांत खाली स्टीअरेज, म्हणजे मुळात सुकाणूच्या यंत्रणेजवळची जागा. आयर्लंड, जर्मनी, स्कँडिनेव्हियातून कायमचे निघालेले गरीब लोक तेथे फळ्यांच्या मंचकांवर दाटीवाटीने झोपत. अंथरूण आणि ताटवाटी पुष्कळदा त्यांचीच. वरच्या वर्गाला खाऱ्या पाण्याने का होईना, स्नानगृह मिळे. खालच्यांना तेवढेही नसे.

१०/
१८८२ साली अमेरिकेने प्रवासी कायदा केला. खालच्या वर्गातल्या प्रत्येक प्रवाशाला किती घनफूट जागा हवी, हे त्याने ठरवले. मंचकांचे दोनपेक्षा अधिक थर नकोत. दिवसातून तीन वेळा ठरलेल्या वेळी जेवण. दररोज निदान चार क्वार्ट, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, गोडे पाणी. तान्ह्या मुलांसाठी दूध. हे पाण्याचे माप लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटाकडे ते पुन्हा लागणार आहे.

११/
या कायद्याला फार उदार समजू नये. त्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना देशाचा दरवाजा बंद करणारा कायदाही संमत केला. जहाजावर तुमची जागा तिकिटावर ठरे. उतरल्यावर कातडीचा रंगही पाहिला जाई. जन्माने ठरणारी एक उतरंड मागे पडत होती आणि तिच्या जागी दुसऱ्या उतरंडी उभ्या होत्या.

१२/
आता भोजनगृह. घंटा झाली की लांब टेबलांभोवती सर्वांनी बसायचे. खुर्च्या जमिनीला खिळवलेल्या. बोट हेलकावू लागली की थाळ्या घसरू नयेत म्हणून टेबलावर लाकडी कठडे लावत. पदार्थ पाहिले तर गोमांस, मटण, मासे आणि हाडांच्या रसातले सूप. शाकाहारी माणसाला उरे ते पाव, उकडलेले बटाटे, भात, फळे आणि चहा. तेही कोणत्या चरबीत, कोणत्या भांड्यात शिजले, हे विचारायची सोय नाही. आनंदीबाई शाकाहारी होत्या आणि सोबत होती ती मिशनरी स्त्रियांची. आपल्या पंगतीत जेवणारे एकही माणूस त्या टेबलावर नव्हते.

१३/
त्यात बोट लागणे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव शरीर हलते आहे असे सांगतो, आणि बंद खोलीत डोळे मात्र सारे स्थिर आहे असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. वरच्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे, हा उपाय तेव्हाही होता आणि आजही आहे. स्टीअरेजमधल्या माणसाला वादळात तोही दुर्लभ, कारण लाटा येऊ लागल्या की वरची झाकणे बंद केली जात.

१४/
काळाचेही काही निराळेच होई. दुपारी बाराच्या सुमारास सूर्याची उंची मोजून जहाजाचे स्थान काढत आणि त्यानुसार घड्याळे लावत. लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क यांच्या स्थानिक वेळेत जवळपास पावणेपाच तासांचा फरक. त्यामुळे पश्चिमेला जाणाऱ्या प्रवाशाचा प्रत्येक दिवस सुमारे अर्धा तास लांबे. अमेरिकेतील रेल्वेने प्रमाणवेळ स्वीकारली ती नोव्हेंबर १८८३ मध्ये. आनंदीबाई उतरल्या तेव्हा न्यूयॉर्कचे घड्याळ त्याच्या स्वतःच्या सूर्यावर चालत होते.

१५/
बाहेरच्या जगाशी संपर्क शून्य. १८६६ पासून समुद्रतळाच्या तारेने लंडनची बातमी काही मिनिटांत न्यूयॉर्कला जात होती. त्याच तारेच्या वरून जाणाऱ्या जहाजाला मात्र बिनतारी यंत्र येईपर्यंत काहीच कळत नसे. न्यूफाउंडलंडजवळ वसंतात धुके दाटे आणि उत्तरेकडून हिमनग वाहत येत. धुक्यात भोंगा वाजवत, अंदाजाने पुढे जायचे.

१६/
४ जूनला न्यूयॉर्क. ब्रुकलिनचा प्रचंड झुलता पूल वाहतुकीला खुला होऊन अवघे अकरा दिवस झाले होते. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा अजून उभा राहायचा होता, त्याचे अनावरण झाले १८८६ मध्ये. स्टीअरेजच्या लोकांना कॅसल गार्डन येथे नोंदणीसाठी नेत, वरच्या वर्गाचे प्रवासी धक्क्यावरून सरळ शहरात जात. आनंदीबाईंच्या स्वागताला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. त्यापूर्वी त्यांची ओळख केवळ पत्रांतून होती.

१७/
दुसरी प्रवासी पंडिता रमाबाई, नात्याने आनंदीबाईंच्या दूरच्या आप्त. १८८३ सालीच त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. फेब्रुवारी १८८६ मध्ये पाच वर्षांचीही न झालेली मनोरमा हिला घेऊन त्यांनी लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाची बोट धरली. अटलांटिकसाठी हा सर्वांत वादळी ऋतू. निमंत्रण होते आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांचे. ११ मार्चला आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई सभागृहात होत्या.

१८/
येथे एक बाब विचार करण्यासारखी आहे. धर्म बदलल्यावरही रमाबाई आयुष्यभर शाकाहारी राहिल्या. जहाजावरच्या टेबलाशी त्यांचा झगडा प्रायश्चित्ताच्या भीतीतून आलेला नव्हता, तो त्यांच्या स्वतःच्या निवडीचा होता. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकाविषयक मराठी पुस्तकाचा आरंभ त्यांनी या समुद्रप्रवासानेच केला. घरी बसलेल्या मराठी वाचकाला अटलांटिक दाखवण्याचे काम अशा रीतीने एका स्त्रीने केले.

१९/
तिसरे प्रवासी बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. आदल्याच वर्षी 'टायटॅनिक' बुडाले होते. त्यात पहिल्या वर्गाचे निम्म्याहून अधिक प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गाचे सुमारे चौथा हिस्साच. तिकिटाची उतरंड जिवावरही बेतू शकते, हे साऱ्या जगाने पाहिले होते.

२०/
तरीही भीमरावांच्या दृष्टीने हा प्रवास आनंदीबाईंच्या प्रवासाच्या नेमका उलट होता. साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपाई हजर असला तर पाणी, नसला तर तहान. आणि आता ते चार क्वार्टचे माप आठवा. जहाजाच्या तळाशी असलेल्या सर्वांत गरीब प्रवाशाचाही पाण्यावर हक्क आहे असे तो कायदा सांगत होता, आणि त्यासाठी जात विचारायला कोणी येत नव्हते.

२१/
युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिले. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी आल्यावर राहायला जागा मिळेना, तेव्हा ती जाणीव परत आणून देण्यात आली. आनंदीबाईंना टेबलावर जे गमावण्याची भीती होती, तेच मागे टाकून कोणी दुसरा मोकळा होत होता. समुद्र एकच, पंगतही एकच. तिचा अर्थ मात्र तुम्ही कोणत्या पंगतीतून उठून आलात, यावर ठरत असे.

२२/
आनंदीबाई ऑक्टोबर १८८६ मध्ये परतीच्या बोटीवर चढल्या, तेव्हा क्षयाने खंगल्या होत्या. नोव्हेंबरात मुंबईला पोहोचल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकवीस. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, जातानाही आणि येतानाही.

२३/
त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या आजही आहेत. आनंदीबाईंनी अटलांटिक दोनदा ओलांडला, हे आपण वाचतो. तिसऱ्या खेपेला जेवणाची घंटा, पंगत आणि तिकिटाचा वर्ग यांपैकी कशाचाही प्रश्न उरला नव्हता.