मूळ प्रत आणि हाशिया

अब्बांच्या लोखंडी पेटीत आजोबांच्या काळातला एक मुंतखब होता. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. निजामाच्या राज्यात इनाम जमिनीची चौकशी होऊन हक्क कोणाचा ठरला, ते ज्या कागदावर उतरवलेले असे तो मुंतखब. आमचा उर्दूत होता. २०१३ साली मी त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पुढच्या बाजूचा फोटो आजही माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला शिक्के होते आणि आजोबांच्या हाताच्या चार ओळी होत्या. तो फोटो आता नाही. कागदही नाही, कारण २०१६ च्या पावसाळ्यात पेटीत पाणी शिरले.

फोटो कोणी चोरला नाही, कॅमेराही बिघडला नव्हता. चूक माझीच. पेटीतल्या कागदांचे फोटो एका कार्डावर होते. आठव्या क्रमांकावर मुंतखबची पुढची बाजू, पण हात हलला होता. नववा मागच्या बाजूचा. दहावा पुन्हा पुढच्या बाजूचा, तो चांगला आला. हे सगळे कॉम्प्युटरवर घेतले आणि कार्ड रिकामे केले. आठवड्याने दुसऱ्या कार्डावर शाळेच्या स्नेहसंमेलनाचे नऊ फोटो काढले. नवे कार्ड म्हणून कॅमेऱ्याने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. मी ते त्याच फोल्डरमध्ये ओतले. कॉम्प्युटरने विचारले, याच नावाच्या फाइली आहेत, त्यांच्या जागी या ठेवू का? घाई होती. हो म्हटले. आठवा गेला त्याचे काही नाही, पण नववाही गेला. त्या नावाने आता माझ्याकडे सहावीतल्या मुलांच्या कव्वालीचा फोटो आहे.

मी भाषा शिकवतो, इतिहास हा माझा विषय नाही. पण हे असे का झाले याचा माग काढू लागलो तेव्हा तो इतिहासच निघाला.

काचेच्या निगेटिव्हचा काळ घ्या. सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाल (१८४४ ते १९०५). मेरठजवळच्या सरधन्याचे हे जैन गृहस्थ, आणि निजामाने त्यांना किताब दिला तो ‘मुसव्विर जंग’. त्यांच्या निगेटिव्हवर क्रमांक आणि ठिकाणाचे नाव घातलेले असे. काच फुटेपर्यंत तो क्रमांक त्या चित्राला सोडत नसे. त्यांच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या, तेव्हा त्या काढून ८०-९० वर्षे होऊन गेली होती. तरी कोणते चित्र कुठले, याचा धागा हाती होता. क्रमांक माणसाने घातला होता, समजून घातला होता.

डिजिटलमध्ये क्रमांक यंत्र घालते. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. तेव्हा क्रमांकाची चिंता कोणाला असणार! पण १९९० च्या दशकात कॅमेरे बाजारात आले आणि प्रत्येक कंपनी आपल्या मनाने फाइलींना नावे देऊ लागली. मग जपानमधल्या उद्योगांच्या संघटनेने १९९८ मध्ये नियम ठरवला. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर, त्यात तीन आकड्यांनी सुरू होणारी फोल्डर्स आणि फाइलीच्या नावात चार अक्षरे व चार आकडे. एवढे आखूड नाव का? कारण जुन्या डॉस कॉम्प्युटरवर नावाला आठच अक्षरांची जागा असे. तुमच्या मोबाइलमध्ये आजही ‘डीसीआयएम’ सापडेल. चार आकडे म्हणजे ९९९९ पर्यंत. पुढे पुन्हा ०००१. म्हणजे ही नावे पुन्हा पुन्हा येणारच, अशीच त्यांची घडण. कार्डावर वेगवेगळी फोल्डर्स असतात म्हणून तिथे भांडण होत नाही. आपण ती सगळी एका फोल्डरमध्ये रिकामी करतो, तेव्हा होते.

आता संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे येतो. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या थॉमस नोल यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. भाऊ जॉन सिनेमाच्या विशेष दृश्यांच्या कंपनीत होता, त्याने तो वाढवायला लावला. फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने तोच फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. सुरुवातीच्या फोटोशॉपमध्ये एकच पाऊल मागे येता येई. चित्रावर चित्र ठेवण्याचे थर १९९४ मध्ये आले, अनेक पावले मागे नेणारी यादी १९९८ मध्ये. आणि सेव्ह दाबले की जुन्यावर नवे बसले. त्यातच १९९२ चे जेपीईजी. जागा वाचवण्यासाठी ते चित्रातला थोडा तपशील टाकून देते, आणि बदल करून पुन्हा सेव्ह केले की पुन्हा थोडा टाकते. हस्तलिखिताची नक्कल करून मूळ जाळायचे आणि पुढची नक्कल त्या नकलेवरून करायची, असा तो प्रकार. पहिल्या दहा वर्षांत जगभर किती मूळ प्रती अशा पुसल्या गेल्या असतील, देव जाणे.

याला उतार म्हणून जी कल्पना आली ती जुने किताब वाचणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. पानाच्या मध्ये मतन, म्हणजे मूळ मजकूर. भोवती हाशिया. भाष्य करणाऱ्याने काय लिहायचे ते हाशियात, मतनला हात लावायचा नाही. मूळ फोटो जसाच्या तसा ठेवायचा आणि ‘इतका उजेड वाढव, इथून काप’ एवढ्या सूचना बाजूला लिहून ठेवायच्या, ही तीच गोष्ट झाली. आपल्याकडे ती घराघरात पोहोचली पिकासामुळे. २००२ मध्ये हा प्रोग्राम आला, २००४ मध्ये गुगलने विकत घेऊन फुकट वाटला. पिकासा त्या सूचना प्रत्येक फोल्डरमध्ये एका लपवलेल्या छोट्या फाइलीत लिहीत असे. एकदा मला ती फाइल दिसली. फोल्डरोफोल्डरी एकच नाव! व्हायरस समजून मी सगळ्या पुसून टाकल्या आणि फोटो पुन्हा जसे काढले होते तसे वाकडेतिकडे, काळपट दिसू लागले. मेहनत गेली, फोटो राहिले. मुंतखबच्या वेळी हे नशीब नव्हते.

लाइटरूम २००७ मध्ये आले. फोटोशॉपवर वर्षानुवर्षे काम केलेल्या मार्क हॅमबर्ग यांनी त्याची सुरुवात केली होती. त्याने सगळा हाशिया एका वहीत बांधला, तिला कॅटलॉग म्हणतात. इथे माझ्यासारख्या बऱ्याच जणांची गफलत होते. आपल्याला वाटते, फोटो लाइटरूममध्ये आहेत. नसतात. ते तुमच्याच फोल्डरमध्ये असतात. कॅटलॉगमध्ये असतो त्यांचा पत्ता आणि सूचना. तुम्ही बाहेरून फोल्डर हलवले किंवा नाव बदलले की पत्ता चुकतो आणि फोल्डरवर प्रश्नचिन्ह उभे राहते. माझ्या चारशे कागदांवर एकदा असेच झाले होते. नवा पत्ता दाखवला तेव्हा सगळे परत आले, पण तोवर रात्रीचे दोन वाजले होते. दुसरी गफलत याहून महाग पडते. लाइटरूम बंद करताना बॅकअप घेऊ का विचारते आणि आपण निश्चिंत होतो. तो बॅकअप वहीचा असतो, फोटोंचा नव्हे.

वही हरवली तर? म्हणून २००१ मध्ये अडोबीनेच काढलेली एक्सएमपी ही पद्धत मला जास्त मोलाची वाटते. यात सूचना आणि वर्णन फोटोच्या शेजारी त्याच नावाच्या छोट्या फाइलीत लिहिले जाते; जेपीईजी असेल तर फोटोच्याच पोटात. लाइटरूममध्ये मला हे सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे लागले. डार्कटेबल नावाचे फुकट सॉफ्टवेअर अशी शेजारची फाइल स्वतःच लिहिते. पगारातून दर महिन्याला लाइटरूमचे पैसे काढणे ज्यांना जड जाते, त्या शिक्षकमित्रांना मी तेच सांगतो. फोटोच्या आत वर्णन लिहिण्याची सोय त्याआधी वृत्तसंस्थांनी आणली होती. फोटो एका कचेरीतून दुसरीकडे गेला तरी कोण, कुठे, कधी हे बरोबर जावे, एवढाच हेतू.

हे आज का लिहितो आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन उर्दू कागदांना अचानक भाव आला. उर्दू वाचणाऱ्यालाही! ज्यांनी कधी सलामाला मान हलवली नव्हती ते “सर, जरा हे वाचून द्या” म्हणत येऊ लागले. मराठा, मुसलमान, सगळेच. कागद मात्र व्हॉट्सॲपवर येतो. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, कधी काढला ही आतली नोंद काढून टाकते आणि नाव देते पाठवल्याच्या तारखेचे. शिक्क्याचा सन वाचू म्हटले तर अक्षरांच्या जागी ठिपके. आणि विचारले की मूळ फोटो कुठे आहे, तर मोबाइल बदलला सर, हे उत्तर ठरलेले.

आता मी कार्डावरून फोटो घेतानाच नाव बदलतो: आधी वर्ष, महिना, दिवस, मग घर, कागद, बाजू आणि शेवटी क्रमांक. फोल्डर हलवायचे तर सॉफ्टवेअरच्या आतूनच. दोन हार्डडिस्क आहेत, त्यातली एक बहिणीच्या घरी असते. तिला वाटते त्यात तिच्या लग्नाचे फोटो आहेत. आहेतही.

फुफींना आजोबांच्या त्या चार ओळींपैकी दोन पाठ होत्या. विहिरीवरचा हक्क धाकट्या भावाचाही आहे, अशा अर्थाच्या. आमच्या घरात या विहिरीवरून अजून धुसफूस आहे आणि फुफींच्या सांगण्याला पुरावा मानायला धाकट्या चुलत्यांखेरीज कोणी तयार नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडून त्या ओळी पुन्हा म्हणवून घेतल्या आणि मुंतखबच्या पुढच्या बाजूचा जो फोटो उरला आहे, त्याच्या वर्णनात उर्दूत आणि मराठीत लिहिल्या. खाली नोंद केली: मागची बाजू, फोटो नाही, २०१३ मध्ये माझ्या हातून पुसला गेला.