छत्रीधारी सैनिकांची शस्त्रे व डावपेच (दुसरे महायुद्ध)

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व ब्रिटन यांनी विमानातून हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांची दले वापरली. शत्रूच्या पिछाडीचे पूल, विमानतळ व किल्ले अचानक ताब्यात घेऊन मुख्य सैन्य येईपर्यंत ते राखणे, हे या दलांचे मुख्य कार्य होते.

जर्मनी

जर्मन छत्री पाठीमागील एकाच पट्ट्याला जोडलेली असल्याने सैनिकाला दिशा बदलता येत नसे. बहुतेकांजवळ केवळ पिस्तूल व हातबाँब असत. रायफली व मशीनगन स्वतंत्र पेट्यांतून टाकल्या जात. २० मे १९४१ रोजी ग्रीसच्या क्रीट बेटावर पेट्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अनेक सैनिक मारले गेले. बेट जिंकले गेले. मात्र हानी पाहून हिटलरने अशा मोठ्या मोहिमा थांबवल्या. उडी मारतानाच जवळ बाळगता यावी म्हणून पुढे एफजी ४२ ही स्वयंचलित रायफल विकसित करण्यात आली.

ब्रिटन

ब्रिटिश छत्रीदलाची उभारणी १९४० मध्ये पंतप्रधान चर्चिल यांच्या सूचनेवरून सुरू झाली. सैनिक स्टेन गन अंगावरच बाळगत. अवजड सामानाची पिशवी पायाला बांधलेली असे व उतरताना ती दोरीने खाली सोडली जाई. त्यामुळे जमिनीवर येताच लढता येई.

१७ सप्टेंबर १९४४ रोजी नेदरलँड्समधील आर्नहेम येथे मात्र हे सैनिक पुलापासून सुमारे १० किलोमीटर दूर उतरले. पुलाच्या उत्तर टोकाशी मुख्यतः एकच बटालियन पोहोचू शकली. जर्मन रणगाड्यांपुढे पियाट व ग्लायडरने आणलेल्या ६ पौंडी तोफा अपुऱ्या पडल्या आणि मुख्य सैन्य वेळेत पोहोचले नाही. तेथे उतरलेल्या ब्रिटिश डिव्हिजनचे बहुसंख्य सैनिक ठार झाले किंवा युद्धबंदी झाले.